नाखवा मॅडम आणि खालची पट्टी

नाखवा मॅडमच्या खोलीत एक चांगली फिरती खुर्ची होती. तिच्यावर कायम फायलींचा गठ्ठा असायचा. नव्या माणसाला वाटायचं, आता मॅडम फायली उचलतील आणि आपल्याला बसा म्हणतील. तसं कधी झालं नाही. त्या स्वतः उभ्या असायच्या, आलेल्यालाही उभं ठेवायच्या आणि बोलता बोलता दारापर्यंत जाऊन परत यायच्या. समोरच्याला दर वाक्याला मान वळवावी लागायची. एकदा विभागप्रमुख त्यांच्याशी अर्धा तास बोलून बाहेर आले, ते मान चोळतच.

ठाणे पूर्वेला, खाडीच्या बाजूला, एका जुन्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. मी तिथे लॅब असिस्टंट. कोपरहून नऊला पोचायचो तेव्हा मॅडमना येऊन तास झालेला असायचा. त्यांचं घर कोळीवाड्यात, चालत दहा मिनिटांवर. त्या सहा मिनिटांत यायच्या. अंगावर सुती साडी आणि पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट कसे काय, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "पायांना कुठे माहितीय वर काय नेसलंय ते?"

चहा दिवसातून पाच-सहा वेळा मागवायच्या, पण एकही कप पुरा प्यायल्याचं मला आठवत नाही. दोन घोट घ्यायचे, काहीतरी आठवायचं, कप हातातच घेऊन निघायचं आणि जिथे आठवलेलं काम असेल तिथे तो ठेवून द्यायचा. जिन्याच्या खिडकीत, गच्चीच्या कठड्यावर, लायब्ररीतल्या कपाटावर अर्धे कप सापडायचे. चहावाला संध्याकाळी सगळी इमारत हिंडून ते गोळा करायचा आणि मला म्हणायचा, "साहेब, तुमच्या बाईंना एका जागी बांधून ठेवा ना."

आणि त्यांचा तो शब्द. "कशावरून?"

हा शब्द त्यांनी ज्याच्यावर उगारला नाही असा माणूस ठाण्यात नसेल. रिक्षावाला म्हणाला, पुढे ट्रॅफिक आहे, की "कशावरून?" डॉक्टर म्हणाले, व्हायरल दिसतंय, की "कशावरून?" त्यात भांडण नसायचं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई आपल्याला खोटं पाडतायत.

कोपरला आम्ही नवीन फ्लॅट घेतला तेव्हा पूजेला मॅडम आल्या होत्या. प्रसाद उभ्यानेच खाल्ला, मग घरभर फिरून खिडक्या उघडून-लावून बघितल्या. माझी आई बिचारी मागे मागे. शेवटी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या बसत का नाहीयेत रे? काही चुकलं का आपलं?" मग काहीतरी बोलायचं म्हणून ती मॅडमना म्हणाली, "इकडची हवा फार चांगली हो. आल्यापासून ह्यांचा दमा थांबलाय."

"कशावरून?"

आई गोंधळली. "म्हणजे... इथे आलो आणि थांबला."

"हवेमुळेच थांबला कशावरून? आणखी काही बदललं का त्याच वेळी?"

आईने बराच विचार केला. प्रामाणिक बाई. म्हणाली, "डॉक्टरांनी गोळी बदललेली. त्याच महिन्यात."

मॅडमचा चेहरा असा उजळला, जणू आईने त्यांना सोन्याची बांगडी दिली असावी. "बघा! मग आता गोळी की हवा, हे ठरवणार कसं?"

"तुम्ही आधी जेवायला बसा," आई म्हणाली. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "बाई चांगली आहे, पण तिच्याबरोबर राहणाऱ्याचं अवघड आहे." त्यांच्याबरोबर राहणारं कुणी नव्हतंच. लग्न केलं नव्हतं. शेजारच्या घरात धाकटा भाऊ मधू, त्याची बायको, त्याची होडी आणि त्याची जाळी.

मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी मला दोन काचा दाखवल्या होत्या. मला वाटलं, नळ्या धुवायला सांगतील. त्यांनी मायक्रोस्कोपकडे बोट केलं. पहिल्या काचेवर रंगवलेल्या पेशी होत्या, प्रत्येकीच्या आत एक जांभळा गोल गोळा, उकडलेल्या वाटाण्यासारखा. दुसऱ्या काचेवर तोच जांभळा रंग, पण गोळा नव्हता. तीन-चार लहान गोळे एका धाग्यात ओवल्यासारखे, जणू तुटलेल्या माळेचे मणी.

"दोन्ही एकाच जातीच्या पेशी आहेत," त्या म्हणाल्या. "रक्तातली पांढरी पेशी. जंतूंना गिळणारी. पहिली लहान आहे, दुसरी मोठी झालेली. मधला जांभळा भाग म्हणजे केंद्रक. लहानपणी गोल असतं आणि वयात येता येता असं दुमडत जातं."

"कशाला दुमडतं?"

त्या थांबल्या. खूश झाल्या असाव्यात. "बारीक फटींतून निसटता यावं म्हणून, असं म्हणतात. केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जखमेपाशी पोचायचं असतं ना. गोल कडक गोळा पोटात घेऊन कशी जाणार? पण ते दुमडतं कसं, हे नीट कळलेलं नाही. केंद्रकाला आतून एक अस्तर असतं, प्रथिनांचं. पेशी मोठी होते तसं त्या अस्तरातलं काहीतरी बदलतं. ते काय, हे आपण बघतोय."

खूप वर्षांनी मी त्यांना विचारलं होतं, "मॅडम, जगात एवढे विषय असताना तुम्ही हाच का धरलात?" मला वाटलं, कुणी आजारी असेल घरातलं, काहीतरी मोठं कारण असेल. त्या जिना उतरत होत्या. न थांबता म्हणाल्या, "सुंदर दिसतात म्हणून." आणि खालच्या मजल्यावरून वर ओरडल्या, "तुम्हाला नाही वाटत?"

आमचं सगळं काम एका पट्टीभोवती फिरायचं. पेशी हळुवार फोडायच्या, केंद्रकं वेगळी करायची, त्यांतली प्रथिनं काढून एका चिकट पातळ थरातून विजेने पळवायची. मोठं प्रथिन हळू पळतं, ते वर राहतं. लहान पुढे जातं, ते खाली. शेवटी काळ्या खोलीत फिल्म धुतली की काळ्या पट्ट्या उमटतात. लहान पेशींत मॅडमचं ते अस्तराचं प्रथिन वरच्या पट्टीत दिसायचं. मोठ्या पेशींत वरची पट्टी गायब आणि तिच्या खाली नवी पट्टी. म्हणजे पेशी वयात येताना हे प्रथिन एका जागी कापलं जातं. ते कापलं गेलं की अस्तर सैल पडतं आणि केंद्रक दुमडतं. हे मॅडमचं म्हणणं. त्यावर त्यांचे निबंध छापून आले होते, परदेशातली माणसं त्यांना पत्रं लिहायची आणि त्या खालच्या पट्टीला आमच्याकडे सगळे नुसतं "मॅडमची पट्टी" म्हणायचे.

पेशी फोडताना त्या थंड ठेवाव्या लागतात. अर्धा तास बर्फात. आमचं बर्फाचं मशीन जुनं होतं आणि वर्षातले सहा महिने बंद. दुरुस्तीचा कागद ऑफिसात फिरत राहायचा. मग मॅडमनी मधूला कामाला लावलं. मासळीच्या पेटीसाठी तो रोज बर्फ आणायचाच, त्यातला एक डबा आमच्याकडे. धिप्पाड माणूस, लुंगी वर खोचलेली, थर्माकोलचा डबा खांद्यावर घेऊन संशोधन केंद्राच्या काचेच्या दारातून आत यायचा.

"ताय, बरफ आनलाय. बोंबलाचा वास येल, मंग मना बोलू नको."

"येऊ दे रे. माझ्या पेशींना नाक नाही."

पण लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या मुलांना नाक होतं. आमच्या लॅबला कितीतरी दिवस बाजारासारखा वास यायचा आणि शेजारच्या रसायन विभागाने लेखी तक्रार केली. मॅडमनी त्या तक्रारीच्या पाठीमागे उत्तर लिहिलं, "कशावरून आमचाच वास?" आणि कागद परत पाठवला.

आता कचऱ्याच्या डब्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. ज्या फिल्म बिघडायच्या, म्हणजे डाग पडायचे, पट्ट्या वेड्यावाकड्या यायच्या, त्या आम्ही काळ्या खोलीबाहेरच्या डब्यात टाकायचो. दर शनिवारी मॅडम तो डबा टेबलावर उलटा करायच्या आणि एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. "पास झालेल्यांना सगळेच बघतात," म्हणायच्या. आम्हाला तो त्यांचा चाळा वाटायचा. मुलं हसायची. सायली हसायची नाही, ती त्यांच्याशेजारी उभी राहून बघायची.

सायली मोहन्याची. वडील तिथल्या जुन्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आता घरी असायचे. घरात पहिली बी.एस्सी., मग पहिली एम.एस्सी., आणि आता पीएच.डी. पाच वर्षं मॅडमच्या पट्टीवर काम करत होती. ते प्रथिन नेमकं कुठे कापलं जातं, हे तिने शोधलं होतं. प्रबंध लिहून होत आला होता. मॅडमसारखीच ती पटपट चालायची. दोघी कॉरिडॉरमधून बोलत निघाल्या की समोरची माणसं भिंतीला लागायची. मॅडम कुणाचं तोंडावर कौतुक करायच्या नाहीत, पण एकदा मला म्हणाल्या, "प्रमोद, ही माझ्यापेक्षा बरी निघेल. हिला थांबता येतं."

तो दिवस गुरुवार होता. मधू उरणला लग्नाला गेलेला, त्यामुळे बर्फ आला नव्हता. मॅडम विद्यापीठात मीटिंगला. मला बाराला निघायचं होतं, मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलेलं. सायलीसाठी नेहमीची तपासणी करून ठेवायची होती, म्हणजे लहान पेशी, मोठ्या पेशी, दोन पट्ट्या. शंभर वेळा केलेलं काम. बर्फ नाही, वेळ नाही. मी हळुवार फोडणं वगैरे सगळं सोडून दिलं आणि पेशी सरळ उकळत्या साबणी द्रावणात टाकल्या. एका क्षणात सगळ्या फुटल्या. पाच मिनिटं उकळलं, पुढचं लावलं आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. लहान पेशींत वरची पट्टी. मोठ्या पेशींतही वरचीच. फिकी, पण वरची. खाली काहीच नाही.

मला वाटलं, घाईत मी नळ्यांची अदलाबदल केली. फिल्म डब्यात टाकली. मधू परत आला होता, बर्फ होता, सगळं पुन्हा रीतसर केलं. दोन पट्ट्या जिथल्या तिथे. कुणाला काही बोललो नाही.

शनिवारी मॅडमनी डबा उलटा केला. मी पलीकडे नळ्या धूत होतो. त्यांची पावलं थांबली, म्हणून मी मागे बघितलं. त्या खिडकीशी फिल्म धरून उभ्या होत्या आणि हलत नव्हत्या.

"हे कुणाचं?"

"माझं. नळ्या बदलल्या गेल्या, मॅडम."

"कशावरून?"

आता मला सांगावंच लागलं. बर्फ, शाळा, उकळतं द्रावण, सगळं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, खुर्चीवरचा फायलींचा गठ्ठा उचलला, जमिनीवर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्या खुर्चीत बसलेलं बघत होतो.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी त्या उठल्या. "आज परत करा. अगदी तसंच. काही सुधारू नका. तेवढाच आळस करा."

केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतः केलं. पुढचे तीन आठवडे मॅडमना काय झालं होतं हे आम्हाला कळत नव्हतं. सकाळी साडेसहाला मला फोन यायचा, "प्रमोद, परवा उकळायला ठेवलं तेव्हा झाकण बंद होतं का?" जेवत नव्हत्या. कॉरिडॉरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अशा चालायच्या की रसायनवाल्यांनी आपलं दार लावून घेतलं. सायलीला त्यांनी एवढंच सांगितलं, "एक शंका आहे, बघतेय." ती प्रबंधाच्या मागे होती, तिने फार विचारलं नाही. मॅडमच्या शंका आम्हाला रोजच्याच.

शेवटचा प्रयोग त्यांनी मला समोर उभं करून केला. मोठ्या पेशी फोडून त्यांचं पाणी घेतलं. त्यात लहान पेशींची केंद्रकं टाकली, ज्यांच्यात वरचीच पट्टी असते. बर्फात ठेवली. पाच मिनिटांनी थोडं काढलं, दहा मिनिटांनी थोडं. फिल्म धुतली तेव्हा पाच मिनिटांतच वरची पट्टी खाली आली होती.

माझ्याही डोक्यात उजेड पडला. ही पांढरी पेशी जंतू पचवते. मोठी होता होता तिच्या पोटात पाचक रसांच्या पिशव्या भरत जातात. आम्ही तिला हळुवार फोडायचो, पिशव्याही फुटायच्या आणि तो रस केंद्रकातलं प्रथिन कापून टाकायचा. रस थांबवणारं औषध आम्ही घालायचो, ते पुरत नव्हतं. उकळत्या द्रावणात रस जागच्या जागी मरतो, म्हणून माझ्या त्या आळशी फिल्मवर प्रथिन अख्खं होतं. जिवंत पेशीत ते कधी कापलंच जात नव्हतं. कापत होतो आम्ही.

मॅडम फिल्म उजेडात धरून म्हणाल्या, "पाच मिनिटं. बारा वर्षं आपण या पाच मिनिटांचे फोटो काढत होतो, प्रमोद."

आणि मग त्यांनी ते केलं. त्याच दुपारी, दीड-दोनच्या सुमाराला, त्यांनी ज्या नियतकालिकात निबंध छापले होते त्यांना पत्र लिहिलं की आमचा निष्कर्ष चुकीचा आहे, निबंध मागे घ्या. विभागप्रमुखांना कळवलं. विद्यापीठाला कळवलं. सगळं उभ्या उभ्या, टाइप करून, तासाभरात. सायली तेव्हा झेरॉक्स काढायला गेली होती. ती चार वाजता हातात प्रबंधाची प्रत घेऊन आली आणि तिला हे सर्वांत शेवटी कळलं. मॅडमकडून नाही. जिन्यात भेटलेल्या विभागप्रमुखांनी विचारलं, "सायली, आता तुझं कसं करायचं?"

ती आत आली. ओरडली नाही. प्रत टेबलावर ठेवली, म्हणाली, "मला सांगायला एक तास थांबता आलं नाही तुम्हाला?" आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडाभर आली नाही. फोन उचलत नव्हती. त्या आठवड्यात मॅडमनी विभागाच्या सभेत उभं राहून सगळं मांडलं, पट्टी कशी तयार होते ते दोन्ही फिल्म दाखवून. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, एवढी वर्षं लक्षात कसं आलं नाही?" त्या म्हणाल्या, "मला ती पट्टी आवडत होती." 

रविवारी त्यांचा फोन. "प्रमोद, मोहन्याला चला माझ्याबरोबर. मला पत्ता सापडणार नाही." पत्ता त्यांना नीट माहीत होता. मी कल्याणला त्यांना भेटलो आणि आम्ही रिक्षा केली. रस्ताभर त्यांनी एक शब्द काढला नाही. रिक्षावाला म्हणाला, "पुढे खोदलंय, वळसा घ्यावा लागेल." त्यावरही काही नाही. तेव्हा मला भीती वाटली.

कामगारांच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. सायलीचे वडील दारातच होते. बारीक, पांढरे केस, बनियन घातलेलं. घाईने शर्ट घालून आले. आईने पाणी आणलं. सायली आतल्या खोलीत, पडद्याआड. खोलीत एकच पलंग होता, त्यावर मॅडम बसल्या. मग उठल्या. मग परत बसल्या.

वडील म्हणाले, "मॅडम, मला शिक्षणातलं कळत नाही. एक विचारू का? तुम्ही हे बोलला नसता, तर कुणाच्या लक्षात आलं असतं?"

"आत्ता? कदाचित कुणाच्याच नाही."

"मग पोरीचं होऊ द्यायचं होतं. नंतर सांगायचं."

"चूक माहीत असताना तिला सही करायला लावली असती, तर ती चूक माझी राहिली नसती. तिची झाली असती."

पडद्याआडून सायलीचा आवाज आला. "मला कळलंच नसतं! मी डबा उपसायला गेलेच नसते. मी डॉक्टर झाले असते आणि सुखात राहिले असते."

 बाहेर कुणीतरी नळावर बादली आपटत होतं. मॅडम उठून पडद्यापर्यंत गेल्या. मला वाटलं, आता आत जातील. त्या तिथेच थांबल्या, पडद्याला हात न लावता.

"सायली, प्रथिनाबद्दल मी माफी मागायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "ते सांगावंच लागणार होतं. पण आधी तुला सांगायला हवं होतं. तू आणि मी मिळून ते पत्र लिहायला हवं होतं. मला धीर धरवला नाही. मला वाटलं, तू समोर आलीस, तुझं तोंड बघितलं, तर माझ्याच्याने ते पत्र जाणार नाही. म्हणून तू नसताना पाठवलं. ते चुकलं."

इतका वेळ एका जागी उभं राहून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.  पाचेक मिनिटं त्या तिथे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उकळून केलेल्या फिल्मवर मोठ्या पेशींत वरची पट्टी फिकी आहे. कापलं जात नाही, पण कमी होतंय. ते का, हे कुणाला माहीत नाही. तुला बघायचं असेल तर बघ. नसेल तर नको." आणि चपला घालतात तसे घाईघाईने ते बूट, नाडी न बांधताच, पायात सरकवून बाहेर पडल्या. सायलीच्या वडिलांनी केलेला चहा मी एकट्याने प्यायला.

महिनाभराने सायली आली. मॅडमकडे गेली नाही. माझ्याकडे येऊन विचारलं, "प्रमोददादा, ते उकळायचं नेमकं कसं केलंत?" मी दाखवलं. ती रोज यायला लागली. मॅडम आणि ती एका खोलीत काम करायच्या, कामापुरतं बोलायच्या. "तिसरी नळी दे." "हो." तेवढंच. आधी दोघी कॉरिडॉरमधून निघाल्या की माणसं भिंतीला लागायची. आता त्या वेगवेगळ्या वेळी निघायच्या. मॅडमना याचा किती त्रास होत होता हे मला एका गोष्टीवरून कळायचं. सायली बाहेर गेली की त्या तिच्या टेबलाशी जाऊन तिची वही सरळ करून ठेवायच्या. इतरांच्या वह्यांना त्या कधी हात लावत नसत.

वर्षभरात मॅडम निवृत्त झाल्या. बढती त्यांना मिळायची होती, ती त्या पत्रानंतर मिळाली नाही. त्याबद्दल त्या एकदाही बोलल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी भाषणं चालू असताना मागच्या दाराने निघून गेल्या. मधू हार घेऊन आला होता, तो मला विचारत बसला, "ताय कुठं गेली?" सायलीला दुसरे मार्गदर्शक मिळाले, विषय तोच. नियमाप्रमाणे मॅडमचं नाव प्रबंधावरून निघालं.

सायलीची तोंडी परीक्षा झाली तेव्हा आणखी दोन वर्षं गेली होती. सकाळी अकराची वेळ. खाली छोटा हॉल, बाहेरचे परीक्षक, वीस-पंचवीस माणसं. सायलीचे आई-वडील पहिल्या रांगेत. मी प्रोजेक्टर लावून दाराशी उभा होतो, म्हणून मला दिसलं. कॉरिडॉरमध्ये, दाराच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून, नाखवा मॅडम उभ्या होत्या. बारीक झालेल्या. केस पूर्ण पांढरे. मी आत या म्हणून खूण केली. त्यांनी जोरात मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

सायली चांगली बोलली. पेशी वयात येते तसं ते प्रथिन कसं थोडं थोडं कमी होत जातं, पहिल्या दिवशी किती, पाचव्या दिवशी किती, आणि त्याबरोबर केंद्रक कसं दुमडत जातं. फोटो सुंदर होते, तुटलेल्या माळा पडद्यावर भिंतीएवढ्या. बाहेर मॅडम ऐकत होत्या. एक पाय सतत हलत होता.

मग परीक्षकांनी तो प्रश्न विचारला. मला माहीत होतं, विचारणार. "याच प्रयोगशाळेतून आधी उलटं छापून आलं होतं. प्रथिन कापलं जातं म्हणून. ते मागे घेतलं गेलं. ती चूक कुणाची होती?"

 सायलीला सहज म्हणता आलं असतं की ते माझ्या आधीपासूनचं आहे, माझ्या जुन्या मार्गदर्शकांचं. ते खोटंही नव्हतं. तिने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.

"चूक आमची होती, सर," ती म्हणाली. "आणि ती आम्हीच शोधली."

मी कॉरिडॉरकडे पाहिलं. मॅडमचा हलणारा पाय थांबला होता. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते. आत पुढचा प्रश्न सुरू झाला. मी एका क्षणासाठी वळून प्रोजेक्टरकडे बघितलं आणि परत पाहिलं तर भिंतीपाशी कुणी नव्हतं.

मी हॉलबाहेर आलो. जिन्याच्या खिडकीतून मला त्या फाटकाबाहेर पडताना दिसल्या. बाराचं ऊन, समोर रिक्षा आडव्यातिडव्या लागलेल्या. त्यांच्यामधून त्या वाट काढत चालल्या होत्या, खांद्याला पिशवी, हातवारे करत, स्वतःशीच काहीतरी मोठ्याने बोलत. एक रिक्षावाला वाकून त्यांना काही विचारत होता. त्या थांबल्या, त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला. मग खाडीकडच्या गल्लीत वळल्या, आणि वळताना जवळजवळ धावतच होत्या.